बॅटरी नवी, तरी गाडी बंद: पावसाळ्यातली चार्जिंगची तक्रार कुठून शोधायची

जून लागला की माझ्या शेडमध्ये एकच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येतं. "बॅटरी नवीच आसा रे, तरी गाडी चालू जायना." मी गोव्यात डिचोलीत गाड्यांचं वायरिंग करतो, अठरा वर्षं झाली. हे वाक्य ऐकलं की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, जुनी बॅटरी काढली तेव्हा कोणी मीटर लावला होता का? बहुतेक वेळा नसतो लावलेला. गाडी बंद पडली, शेजाऱ्याने आपल्या गाडीच्या बॅटरीवरून वायर लावून चालू करून दिली, तशीच दुकानात नेली, दुकानदाराने बॅटरी विकली. तो बॅटरी विकायलाच बसलाय, त्याला काय बोलणार? पण टाकी सारखी रिकामी होते म्हणून नवी टाकी आणायची आणि पंप, नळ, गळती यांतलं काहीच बघायचं नाही, असा हा प्रकार आहे.

खाली लिहितोय ते १२ व्होल्टच्या साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी. जवळ एक साधा डिजिटल मीटर, १० आणि १२ नंबरचा पाना, बारीक पॉलिश पेपर आणि टॉर्च असली की निम्मं काम घरच्या अंगणात होतं. क्रम मात्र मोडू नका. तो फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे जातो, आणि मी तो बरेच पैसे घालवून शिकलोय.

लक्षणं

- सकाळी सेल्फ मारला की नुसता 'कट' आवाज, इंजिन हलत नाही. वायर लावून चालू केली की दिवसभर ठीक.
- रोज चालवली तर कुरकुर नाही, दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली.
- चालू गाडीत बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा पेटतो, किंवा धड न पेटता मिणमिणतो.
- गाडी उभी असताना हेडलाइट मंद, रेस दिली की प्रखर. लाइट, ब्लोअर आणि वायपर एकदम लावले की वायपर म्हाताऱ्यासारखा चालतो.
- पावसात गाडी चालू केल्यावर पहिलं मिनिटभर बॉनेटखालून 'किर्र'.
- याच्या उलट: बल्ब सारखे उडतात, बॅटरीचं पाणी भराभर आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं सगळं सोडून थेट चालू गाडीत व्होल्ट मोजण्याच्या भागावर जा; वास येत असेल तर मात्र हात न लावता शेवटचा 'कुठे थांबायचं' हा भाग वाचा. तिथे चार्जिंग कमी नसते, जास्त होत असते.

आधी नुसती किल्ली फिरवा

किल्ली 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. लाल दिवा पेटलाच पाहिजे. इंजिन चालू झालं की तो विझला पाहिजे. या तपासणीला एक पैसा लागत नाही, आणि तरी कोणी करत नाही.

जुन्या बऱ्याच गाड्यांत हा दिवा नुसता निरोप्या नसतो. दिव्याचं एक टोक किल्लीच्या पॉझिटिव्हला, दुसरं अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या, 'एल' अक्षराच्या टर्मिनलला. दिव्यातून जाणारा थोडा करंट अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या रोटरला पहिलं चुंबकत्व देतो. अल्टरनेटर वीज द्यायला लागला की दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात आणि दिवा विझतो. म्हणजे किल्ली ऑन करूनही दिवा पेटत नसेल तर बल्ब उडालाय, 'एल'ची वायर तुटलीय, किंवा रोटरला करंट पोचवणारे आतले कार्बन झिजलेत. काजूच्या कारखान्याचा एक पिकअप माझ्याकडे आला होता. ड्रायव्हर अभिमानाने सांगत होता, "दिवो केन्नाच पेटूंक ना," म्हणजे दिवा कधी पेटलाच नाही. तोच तर आजार होता. बल्ब उडालेला, अल्टरनेटर जोराची रेस दिल्याशिवाय जागाच होत नव्हता, आणि त्याची फेरी बाजारातल्या गर्दीत.

याच वेळी एक गंमत करून बघा. किल्ली ऑन, इंजिन बंद. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. रोटरला करंट मिळत असेल तर ते ओढलं जातं, हाताला जाणवतं. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा करंट इंजिन चालू झाल्यावरच सोडतो, तिथे ओढ लागली नाही म्हणून घाबरू नका.

टर्मिनल

समुद्रकाठच्या कळंगुट-मोरजीकडची गाडी मी टर्मिनल बघून ओळखतो. तिथे हिरवट-निळी पूड फुललेली असते. आमच्या डिचोली-साखळीच्या गाड्यांत त्याच पुडीवर खाणीच्या लाल धुळीचा थर असतो, एवढाच फरक. खारी हवा, चार महिन्यांची ओल आणि बॅटरीतून निघणारी ॲसिडची वाफ, तांब्याला खायला आणखी काय पाहिजे?

टर्मिनल हाताने पिळून बघा. तसूभरही हलता कामा नये. हलतंय म्हणून कोणीतरी मध्ये खिळा ठोकलेला असतो, हे इतक्या वेळा बघितलंय की आता हसूही येत नाही. खिळा एका रेषेत टेकतो, सेल्फला दीड-दोनशे अँपिअर लागतात, ते त्या रेषेतून जाणार कसे?

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जागेवर असेल तर पान्यातून पूर्ण बॅटरीचा करंट जातो. पाना बॉडीला चिकटतो, बोट मध्ये असेल तर बोटही. गरम पाण्यात खायचा सोडा घालून पूड धुवा, ते पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. मग आतली बाजू पॉलिश पेपरने घासा. काळपट थर दिसायला स्वच्छ वाटतो, करंट मात्र अडवतो. घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणं, असं नको.

आणि हे करताना विडी-सिगारेट लांब. बॅटरीतून निघणारा वायू हायड्रोजन असतो.

गाडी झोपलेली असताना मीटर

रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी किल्ली लावायच्या आधी. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल प्रोब पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण भागाच्या जवळ, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२.० म्हणजे तळ दिसायला लागलाय. साडेदहाच्या आसपास आकडा आला आणि चार्जर लावूनही वर येत नसेल तर सहांपैकी एक घर मेलंय. ती बॅटरी बदलावी लागेल, पण ते घर का मेलं हे न शोधता नवी टाकू नका.

आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे. साडेअकरावरच राहिला आणि तरी 'कट' आवाजच आला, तर बॅटरीवर खापर फोडू नका. सांधा किंवा सेल्फ बघा.

बॅटरी उतरलेली असेल तर पुढची मोजणी करायच्या आधी ती बाहेरच्या चार्जरवर भरून घ्या. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, रात्रभर. "चार्जिंग गाडीच करील, जरा फोंड्यापर्यंत फिरवून आण" हा सल्ला मला पटत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी भरताना अल्टरनेटर तापून निघतो, आणि त्यातले आधीच अर्धमेले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याच दिवशी जातात.

बेल्ट

इंजिन बंद, किल्ली खिशात. अल्टरनेटरच्या पुढचा पंखा किंवा पुली हाताने फिरवायचा प्रयत्न करा. बेल्ट जागेवर आणि पुली आत घसरतेय, तर बेल्ट सैल. जुन्या व्ही-बेल्टला दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबलं की साधारण १० मिलिमीटर लवला पाहिजे. पट्ट्यांचा चपटा बेल्ट असेल तर आतली बाजू टॉर्चने बघा. आडव्या भेगा किंवा काचेसारखी चमक दिसली तर बदला.

पावसात सकाळीच किर्र का होतं? रात्री बॅटरी थोडी उतरलेली, सेल्फने आणखी घेतलं, शिवाय तुम्ही लाइट, वायपर, ब्लोअर लावलेत. पहिल्या मिनिटाला अल्टरनेटरवर सगळ्यात जास्त भार असतो, त्यात बेल्ट ओला. त्यावर साबण, टाल्कम, स्प्रे मारणाऱ्यांचे बेल्ट आठवड्याने परत किरकिरतात. उलट फार ताणलात तर अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपचं बेअरिंग जातं. बेल्टवर पन्नास रुपये वाचवायला जाऊन पंप बदललेली मंडळी माझ्या ओळखीत आहेत.

चालू गाडीत मीटर

इंजिन थोड्या रेसवर, पुन्हा बॅटरीवरच मीटर. १३.८ ते १४.५ व्होल्ट. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावा. साडेतेराच्या खाली जाता कामा नये. आकडा बारावरच अडकून हळूहळू खाली येत असेल तर चार्जिंग होतच नाही. १५ च्या वर जात असेल तर व्होल्ट आवरणारा कटआऊट गेलाय, ज्याला आता सगळे 'आयसी' म्हणतात. गाडी बंद करा आणि तशीच फिरवू नका. बॅटरी उकळते, आणि कॉम्प्युटर असलेल्या गाडीत पुढचं बिल अल्टरनेटरच्या कितीतरी पट येतं.

नव्या गाड्यांबाबत एक सूचना. त्यांचा कॉम्प्युटर मुद्दाम व्होल्ट खाली-वर करतो, पेट्रोल वाचवायला. सरळ रस्त्यावर १२.८ दिसून ब्रेक मारताना १४.८ दिसलं तर तो दोष नव्हे.

इथे एक जुनी सवय कायमची सोडा. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनॅमो काम करतो का" बघणं. खऱ्या डायनॅमोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी काढली की व्होल्ट क्षणभर उसळतात आणि डायोड, आयसी, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), म्युझिक सिस्टम, जे हाताला लागेल ते घेऊन जातात. आजही गॅरेजमध्ये कोणी पाना घेऊन तुमच्या चालू गाडीच्या टर्मिनलकडे वळला तर त्याचा हात धरा.

वायर बाहेरून चांगली, आतून पूड

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते या तपासणीबद्दल. माझ्याकडे "अल्टरनेटर गेला" म्हणून आलेल्या निम्म्याहून जास्त गाड्या इथेच सुटतात, आणि ही तपासणी कोणीही करू शकतो.

धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी स्वतःची ओम्नी होती. मये मार्गे चोडणला जायचं, फेरीबोटीने रायबंदर, तिथून पणजी. भरतीच्या वेळी रॅम्पवर खारं पाणी चाकांखाली असायचंच. एका वर्षात दोन बॅटऱ्या टाकल्या. मग एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून भंगारातून अल्टरनेटर आणून बसवला. फरक शून्य. मी स्वतः वायरमन, आणि माझीच गाडी रोज उतरणीवर उभी. शेजारी काय बोलत असतील ते सोडा.

शेवटी कंटाळून मीटरचा एक प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर टेकवला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. इंजिन चालू, हेडलाइट चालू. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. दिसलं १.१ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर १४ च्या वर देत होता आणि बॅटरीपर्यंत १३ पोचत होते. बाकीचं वाटेत जात होतं.

गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थची वायर काढली. बाहेरून काळं प्लास्टिक धड, दोन्ही टोकांचे लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी कडी, धड. ब्लेडने प्लास्टिक उभं चिरलं, तर आतून हिरवी-काळी पूड तळहातावर पडली. एवढ्या जाड वायरीत चार-पाच तारा शिल्लक होत्या. इंजिन रबराच्या माऊंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीला त्याचा धातू लागत नाही. त्यामुळे करंटला परत यायला हीच एक वाट. वेल्डिंगच्या केबलचा तुकडा, दोन्ही बाजूंना दाबलेले लग, दोनशे रुपयांच्या आत काम झालं. दोन बॅटऱ्यांचे आणि एका अल्टरनेटरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तर करायचं असं. इंजिन थोड्या रेसवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. एक: अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. दोन: अल्टरनेटरच्या मागचा जाड बोल्ट, ज्यावर 'बी' लिहिलेलं असतं, ते बॅटरीचा पॉझिटिव्ह. ०.२ ते ०.३ पर्यंत ठीक. जास्त आलं तर प्रोब एकेका सांध्यावर पुढे सरकवत जा. जिथे आकडा उडी मारतो, तोच सांधा. प्रोब केबलच्या लगवर नको, थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, नाहीतर टर्मिनलचा दोष मोजणीतून सुटतो. 'बी' बोल्ट इंजिन बंद असतानाही बॅटरीला जोडलेला असतो, तिथे प्रोब आणि बॉडी यांना एकत्र शिवू देऊ नका. सैल बाह्या आणि हातातलं कडं बेल्टपासून लांब.

'बी'च्या वाटेवर बॅटरीजवळ एक मोठा फ्यूज असतो, बोल्टने आवळलेला. उलटी वायर लावून गाडी चालू करायचा प्रयत्न झाला असेल तर हमखास जातो. कधीकधी त्याला केसाएवढी भेग पडते आणि तो दिसायला शाबूत असतो. दोन्ही बाजूंना मोजा, फरक आला की गेला. तिथे तार गुंडाळून काम भागवू नका, आग लागते.

उभ्या गाडीत कोण खातंय

चार्जिंग बरोबर, सांधे बरोबर, आणि तरी दोन दिवसांत बॅटरी उतरते. मग गळती.

चवथीच्या दिवशीची गोष्ट. आमच्याकडचे एक भटजी पहाटेपासून ओम्नी घेऊन घरोघरी पूजेला. संध्याकाळी शेवटच्या यजमानाच्या दारात गाडी मेली. त्यांचं म्हणणं, "दहा वेळा सेल्फ मारला, बॅटरी संपणारच." मी कागदावर हिशोब मांडला. सेल्फला २०० अँपिअर धरा, तीन सेकंद. म्हणजे एका वेळेला अँपिअर-अवरचा जेमतेम सहावा भाग. तेवढं अल्टरनेटर एक-दोन मिनिटांत परत देतो. "काका, सेल्फने नाही खाल्ली." मग गाडीभोवती फिरलो. सरकता दरवाजा नारळांच्या पोत्यामुळे शेवटच्या बोटभर अंतरावर अडकलेला, छताचा दिवा दिवसभर चालू. उजेडात कोणाला दिसणार? दहा वॅटचा दिवा म्हणजे पाऊण अँपिअरच्या वर, दहा तासांत आठेक अँपिअर-अवर. बॅटरी चार वर्षांची. मी पोतं मागे ढकललं आणि वायर लावून गाडी चालू करून दिली. पैसे नाही घेतले, प्रसाद घेतला.

दिवा वगैरे सापडला नाही तर मीटर लावायचा. निगेटिव्ह केबल काढा, मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, आणि मीटर केबल आणि खुंट यांच्या मध्ये जोडा. दारं बंद, किल्ली बाहेर. अर्धा तास थांबा, कारण नव्या गाड्यांतले कॉम्प्युटरचे डबे झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. अर्धा अँपिअर खात असेल तर ३५ ची बॅटरी सत्तर तासांत कोरडी, म्हणजे तीन दिवस. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यामुळे आकडा पडला, त्या लाइनीवर चोर आहे. माझ्या अनुभवात तो बहुधा बाहेरून बसवलेल्या सामानात असतो: म्युझिकचा ॲम्प्लिफायर, अलार्म, रेंट-अ-कारच्या काळ्या पाटीच्या गाड्यांत जीपीएसचा डबा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा पडत नसेल तर अल्टरनेटरवर हात ठेवून बघा. रात्रभर उभ्या गाडीत तो कोमट लागला तर आतला डायोड उलटा गळतोय. करंट बॅटरीतून परत अल्टरनेटरमध्ये जातोय.

शिपवर जाणाऱ्यांच्या गाड्या सहा-आठ महिने उभ्या असतात. तिथे दोष शोधत बसू नका. निरोगी गाडीही तीन-चार आठवड्यांत इतकी खाते की सेल्फ मारता येत नाही. जाताना निगेटिव्ह काढून ठेवा, आणि घरच्यांना महिन्याने एकदा चार्जर लावायला सांगा. पावसात उंदीर बॉनेटखाली घर करतात, तेही बघायला सांगा.

अल्टरनेटरच्या आत

इथपर्यंत आलात आणि अजून चार्जिंग नाही, तर आता अल्टरनेटरवर संशय घ्यायला हरकत नाही. डायोडची एक चाचणी बाहेरून होते. मीटर एसी व्होल्टवर, इंजिन रेसवर, लाइट चालू, बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर. ०.१ च्या आत असेल तर ठीक, ०.५ च्या वर गेला तर डायोड गेलाय. पण आधी इंजिन बंद ठेवून तेच मोजून बघा. स्वस्त मीटर कधी एसीच्या रेंजवर सरळ डीसीही दाखवतात, पंचवीस-सत्तावीस असा भलताच आकडा येतो. प्रोब उलटे केल्यावर शून्य आलं तर दोष मीटरचा. अशा मीटरने ही चाचणी होत नाही.

कार्बन झिजून पाच मिलिमीटरच्या खाली गेले असतील तर दिवा मिणमिणतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की चार्जिंग येते-जाते. अनेक मॉडेलांत कार्बन आणि आयसी एकाच तुकड्यात असतात, अल्टरनेटर न काढता मागून दोन-तीन स्क्रूवर सुटतात. रोटरच्या दोन तांब्याच्या रिंगांमध्ये ओहम मोजले तर साधारण २ ते ५ आले पाहिजेत. रिंग आणि लोखंडी शाफ्ट यांच्यात मात्र काहीच नको.

डायोड प्लेट, बेअरिंग, स्टेटर यांना हात घालायचा तर पुलर, जाड सोल्डरिंग आयर्न आणि सराव लागतो. नसेल तर अल्टरनेटर काढून वायरमनकडे न्या. काढून आणून दिलात तर मजुरी कमीच पडते.

पार्ट आणायला जाताना

"अमुक गाडीचा अल्टरनेटर द्या" म्हणून दुकानात गेलात तर दोनदा जावं लागेल. एकाच मॉडेलमध्ये एसीवाली, बिनएसीची, पेट्रोल, डिझेल अशा जाती असतात. काढलेला पार्ट पिशवीत घालून न्या. ते जमत नसेल तर फोनवर फोटो काढा: बॉडीवरची पट्टी, पुली समोरून, मागचं कनेक्टर, आणि बोल्टचे कान दोन्ही बाजूंनी.

पट्टीवर व्होल्ट आणि अँपिअर असतात, उदाहरणार्थ १४ व्होल्ट ७० अँपिअर. २८ व्होल्ट लिहिलेला ट्रकचा आहे, स्वस्त मिळाला तरी सोडा. अँपिअर तेवढेच किंवा थोडे जास्त चालतात. फार जास्त घेतलात तर 'बी'ची वायर आणि मोठा फ्यूजही त्या मापाचे लागतात. पुलीच्या नाळ्या मोजा. बेल्टवरचा कोड त्याच्याशी जुळतो: '४ पीके ८५०' म्हणजे चार नाळ्या, ८५० मिलिमीटर लांबी. काही नव्या डिझेल गाड्यांची पुली एकाच दिशेने पकडते आणि दुसऱ्या दिशेने मोकळी फिरते. तिच्या जागी साधी बसवली की बेल्ट फडफडतो.

कनेक्टरच्या आकारावर विश्वास ठेवू नका, शेजारी कोरलेली इंग्रजी अक्षरं वाचा. 'बी' जाड वायर, 'एल' दिवा, 'आयजी' किल्ली, 'एस' बॅटरीचे व्होल्ट मोजणारी बारीक वायर. 'सी' असेल तर कॉम्प्युटर. तीन पिनांचं तेच कनेक्टर दुसऱ्या कंपनीत वेगळ्या क्रमाने असतं. बसतं बरोबर, जळतंही बरोबर.

बेअरिंगचा नंबर कडेवर असतो. ६२०३ आणि ६३०३ यांचं आतलं भोक सारखंच, १७ मिलिमीटर. बाहेरचं माप मात्र एकाचं ४० आणि दुसऱ्याचं ४७. शाफ्टवर चढलं म्हणून बरोबर आलं असं समजून घरी आलेला गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात असतो. आपल्याकडच्या ओलीत दोन्ही बाजूंना रबर सील असलेलंच घ्या.

बॅटरी बदलायचीच ठरली तर जुनीवरचा कोड बघा. '३८ बी २० एल' मधला २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी. शेवटचं 'एल' किंवा 'आर' हे टर्मिनलची बाजू सांगतं. ते चुकलं तर केबल पोचत नाही, आणि ओढून पोचवली तर उलटी लागण्याची भीती.

भंगारातला अल्टरनेटर घेत असाल तर शाफ्ट हलवून बघा, हाताने फिरवून कानाला लावा, मागच्या जाळीला नाक लावा. जळक्या वॉर्निशचा वास आला तर परत ठेवा. रिपेअर केलेला घेताना दुकानातच फिरवून, भार लावून मीटरवर दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

कुठे थांबायचं

बॅटरी फुगलेली असेल, तापलेली असेल, वास येत असेल, तर हात लावू नका. वायर लावून चालू करायचा प्रयत्नही नको. चार्जिंग १५ च्या वर, वायरीचं प्लास्टिक मऊ झालेलं, मोठा फ्यूज पुन्हापुन्हा उडतोय, इंजिनपर्यंत पुराचं पाणी गेलंय: वायरमन बोलवा. स्मार्ट हायब्रिड गाडी किंवा नारिंगी केबल दिसणारी कोणतीही गाडी घरी उघडू नका. तिथे सेल्फ आणि अल्टरनेटर एकच असू शकतो, दुसरी बॅटरी असते, त्याला कंपनीचं स्कॅनर लागतं.

जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. तिथे बेल्ट तुटला की दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. अशी गाडी "गॅरेजपर्यंतच" म्हणूनही चालवू नका. त्या पंपाला इंजिन ऑइलची नळी असते, म्हणून तो अल्टरनेटर काढायचं कामही सरावाच्या माणसाचं.

रात्री बेळगावहून येताना चोर्ला घाटात लाल दिवा पेटला तर? आधी टेम्परेचरचा काटा बघा. तो चढत असेल तर बेल्ट तुटलाय, आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. काटा जागेवर आणि ब्रेकही नेहमीसारखा लागत असेल तर एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइलचा चार्जर सगळं बंद, इंजिन मात्र बंद करू नका आणि वाटेत चहाला थांबू नका. चांगली भरलेली ३५ ची बॅटरी हेडलाइटसकट पेट्रोल गाडीला तासभर ओढते. साखळी गाठता येते. हेडलाइट पिवळे पडायला लागले तर मात्र उजेडात, घरं असतील तिथे थांबा.

दुरुस्ती झाल्यावर मी बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढरी टेप लावतो आणि मार्करने तीन आकडे लिहितो: सकाळचे व्होल्ट, चालू गाडीतले व्होल्ट, अर्थवरचा फरक. खाली तारीख. पुढच्या जूनला कोणी "बॅटरी गेली" म्हणाला की आधी ती टेप वाचा आणि तेच तीन आकडे पुन्हा काढा.